वाशिष्ठीच्या पाण्याचा जमाखर्च

रत्नागिरी जिल्ह्यातील नद्यांविषयी वर्षातून दोनदाच बोलण्याची आपल्याला सवय जडली आहे. जुलैत पाणी बाजारपेठेत शिरले म्हणजे आपण नदीला दोष देतो, आणि मे महिन्यात विहिरीचा तळ दिसू लागला म्हणजे सरकारला. मधल्या दहा महिन्यांत नदी काय करते, तिच्यात पाणी किती आहे, ते कोणाच्या हुकमाने वाढते आणि कोणाच्या हुकमाने ओसरते, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. वाशिष्ठीच्या बाबतीत ही उदासीनता आता परवडणारी नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. कारण या नदीचे पाणी अन्यत्र नेण्याच्या योजना वर्षानुवर्षे मांडल्या जात आहेत आणि त्या पाण्याचा हिशेब मात्र ज्यांच्या दारावरून नदी वाहते त्यांच्याच हाती नाही.

वाशिष्ठी ही सह्याद्रीच्या कुशीत, चिपळूण तालुक्यातील तिवरे परिसरात उगम पावून चिपळूणवरून दाभोळच्या खाडीकडे जाते. वाटेत खेडकडून येणारी जगबुडी तिला मिळते आणि अंजनवेल-दाभोळपाशी दोघींचे पाणी समुद्रास मिळते. जिल्ह्यात नद्यांची वाण नाही. शास्त्री, बाव, काजळी, मुचकुंदी, अर्जुना अशी नावे कोणताही शाळकरी मुलगा सांगेल. पण या सर्वांचा स्वभाव एकच. घाटमाथा ते समुद्र हे अंतर थोडे, उतार तीव्र, जमीन जांभ्याची. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पडणारा पाऊस बहुतेक सगळा चार महिन्यांत कोसळतो आणि काही तासांत समुद्रात जातो. दिवाळी सरली की नदीची धार बारीक होऊ लागते, होळीला तिचे डोह उरतात. पाऊस उदंड आणि पाणी दुर्मीळ, हे कोकणचे कोडे बाहेरच्या माणसाला समजावून सांगता सांगता आपली पिढ्यान्पिढ्या दमछाक झाली आहे.

वाशिष्ठी मात्र या कुळातील असूनही आज या कुळासारखी वागत नाही. भर वैशाखात चिपळूणच्या पुलावर उभे राहून खाली पाहावे, तर पात्रात वाहते पाणी दिसते. हे पाणी कोकणचे नव्हे. ते कोयनेचे आहे, म्हणजे मुळात कृष्णेच्या खोऱ्यातले, पूर्वेकडे बंगालच्या उपसागराला जाणारे. कोयनेवर धरण बांधून ते पाणी बोगद्यांवाटे सह्याद्रीच्या पश्चिम कड्यावरून खाली सोडायचे आणि त्या सुमारे पाचशे मीटरच्या उतारातून वीज काढायची, ही या शतकाच्या कितीतरी आधी योजिलेली कल्पना १९६२ साली पोफळीच्या भूमिगत वीजगृहात प्रत्यक्षात आली. पुढे टप्पे वाढत गेले. पोफळीचे पहिले दोन टप्पे, कोळकेवाडीच्या धरणाखाली अलोऱ्याचा तिसरा, आणि १९९९ साली जलाशयाच्या तळाला छेद देऊन साधलेला एक हजार मेगावॉटचा चौथा. धरणाच्या पायथ्याचे वीजगृह धरून एकूण क्षमता १,९६० मेगावॉट झाली. महाराष्ट्राच्या उद्योगांची वाढ ज्या विजेवर झाली, तिच्यात या प्रकल्पाचा वाटा केवढा, हे सांगण्याची गरज नाही.

वीज तारांवरून गेली. पाणी मात्र खालीच राहिले. यंत्रे फिरवून झाल्यावर बाहेर पडणाऱ्या या पाण्याला पाटबंधारे खात्याच्या भाषेत अवजल म्हणतात. शब्द जरा दुर्दैवी आहे. अवजल म्हटले की उरलेसुरले, टाकाऊ असे काही मनात येते. पण अलोऱ्याहून कालव्याने वाहत येऊन चिपळूणच्या वरच्या अंगाला वाशिष्ठीत मिसळणारे हे पाणी स्वच्छ, गोडे आणि विपुल आहे. किती विपुल, ते एकदा आकड्यांत पाहणे इष्ट होईल.

कृष्णा पाणीतंटा लवादाने, म्हणजे न्यायमूर्ती बच्छावत यांच्या लवादाने, १९७३ च्या निवाड्यात आणि १९७६ च्या पुढील निर्णयात कोयनेचे पाणी पश्चिमेकडे वळविण्यास मर्यादा घालून दिली. ती वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची, म्हणजे नेहमीच्या बोलण्यातील साडेसदुसष्ट टीएमसीची आहे. वर्षाच्या सर्व दिवसांवर हे पाणी सारखे वाटले तर दिवसाला सुमारे ५२४ कोटी लिटर होते. मुंबईसारख्या महानगराला सातही जलाशयांतून मिळून रोज पुरविले जाणारे पाणी चारशे कोटी लिटरांच्या आसपास आहे. म्हणजे मुंबईची तहान भागवून उरेल इतके पाणी दररोज, सरासरीने, वाशिष्ठीतून अरबी समुद्रात जात असते. आणि त्याच वाशिष्ठीच्या खोऱ्यात, चिपळूण-खेडच्या डोंगरांवरील धनगरवाड्यांत, एप्रिल उजाडला की टँकरची वाट पाहिली जाते.

हा विरोधाभास आपण इतका अंगवळणी पाडून घेतला आहे की त्यात कोणाला नवल वाटेनासे झाले आहे. आम्हांला ते वाटते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे सव्वासोळा लाख आहे. खेड्यापाड्यांतील माणसालासुद्धा शहरी मापाने दरडोई दरदिवशी १३५ लिटर पाणी द्यायचे ठरविले, तरी साऱ्या जिल्ह्याला रोज बावीस कोटी लिटर पुरेल. अवजलाच्या शंभर भागांतील हे चार-सव्वाचार भाग झाले. पाणी खाली नदीत आणि वाडी वर डोंगरावर, ते चढवायचे कसे, असा प्रश्न तज्ज्ञ विचारतात आणि तो रास्तही आहे. पण त्याचे उत्तर त्याच पाण्यात आहे. एक हजार लिटर पाणी पाचशे मीटर उतरताना साधारण सव्वा युनिट वीज देऊन जाते. तेवढेच पाणी दोनशे मीटर वर चढविण्यास चांगल्या पंपाला एक युनिटही लागू नये. ज्या पाण्याने राज्याला वीज दिली, त्याच्या शंभरांतील चार भाग उचलण्यापुरती वीज त्या खोऱ्याला परत द्यावी, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.

येथवर आम्ही सरासरीचे आकडे दिले. पण नदी सरासरीने वाहत नसते, आणि वाशिष्ठी तर मुळीच नाही. या मुद्द्याकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. कोयनेची वीज ही ऐन मागणीच्या वेळची वीज आहे. जलविद्युत यंत्रे काही मिनिटांत सुरू होतात आणि काही मिनिटांत थांबतात, म्हणून सकाळ-संध्याकाळ मागणी चढली की ती चालवावयाची आणि उतरली की बंद ठेवावयाची, असा शिरस्ता आहे. त्यात गैर काही नाही, कारण त्यासाठीच ती उभारली आहेत. परंतु त्याचा परिणाम असा की वाशिष्ठीच्या पाण्याची भरती-ओहोटी चंद्रावर अवलंबून नसून राज्याच्या वीजभार नियंत्रण केंद्रातील आदेशावर अवलंबून असते. मुंबई-पुण्यात दिवे लागले की येथे नदी चढते, आणि सारे निजले की उतरते. सौर विजेचे प्रमाण जसजसे वाढेल तसतसे दिवसा जलविद्युत यंत्रे थांबविण्याकडे आणि सूर्यास्तानंतर ती एकदम चालविण्याकडे कल होणार, हेही उघड आहे. नदीचे हेलकावे त्यामुळे अधिकच तीव्र होतील.

या हेलकाव्यांवर कोणाकोणाचे जीवन टांगलेले आहे? प्रथम चिपळूण शहराचे. खेर्डी आणि गोवळकोट येथील जॅकवेलमधून शहराला पाणी मिळते आणि वीजनिर्मिती लांबली की नदीची पातळी घटून पुरवठा विस्कळीत होतो, हा अनुभव नागरिकांच्या चांगलाच परिचयाचा आहे. लोटे-परशुरामसारख्या औद्योगिक वसाहतींची भिस्तही याच पाण्यावर. खाली खाडीत भोई आणि इतर मच्छीमार समाजाची वस्ती आहे. त्यांच्या दृष्टीने गोड्या पाण्याचा जोर हा दुहेरी प्रश्न आहे. वरून येणारी धार मंदावली की भरतीचे खारे पाणी अधिक आत सरकते, आणि रासायनिक कारखान्यांचे सांडपाणी खाडीत विरळ होण्याऐवजी साचून राहते. खाडीत मासे मरून वर आल्याच्या तक्रारी गेली अनेक वर्षे होत आहेत. त्या प्रत्येक तक्रारीचा निकाल काय लागला, हे विचारीत बसण्याची ही जागा नव्हे. परंतु खाडीचे आरोग्य मोजताना त्या दिवशी नदीतून किती पाणी आले होते, हा आकडा शेजारी मांडला जात नाही, तोवर ती मोजणी अपुरीच राहणार, एवढे येथे नमूद करणे प्राप्त आहे.

आणखी एक बारकावा आहे. कोयना प्रकल्पाचे जलवर्ष १ जूनला सुरू होते आणि ३१ मे रोजी संपते. पश्चिमेच्या वाट्याचे पाणी वर्षभरात सढळ हाताने वापरले गेले असेल, तर कोटा संपण्याची पाळी नेमकी एप्रिल-मे महिन्यांत येते, म्हणजे खोऱ्याला पाण्याची सर्वांत अधिक गरज असते तेव्हा. पाऊस अपुरा पडलेल्या वर्षी याहून कठीण प्रसंग ओढवतो. सांगली-सोलापूरकडील शेतीला पाणी हवे म्हणून पश्चिमेकडील वीजनिर्मितीला कात्री लावण्यात येते. दुष्काळी भागातील शेतकऱ्याच्या पाण्यावर आमचा आक्षेप नाही. पाणी मुळात त्याच्याच खोऱ्याचे आहे. पण त्या निर्णयाच्या बैठकीत पूर्वेचा शेतकरी असतो, वीज कंपनी असते, पाटबंधारे खाते असते. वाशिष्ठीची बाजू मांडणारा त्या बैठकीत कोण असतो? साठ वर्षे ज्या प्रवाहावर एक शहर, अनेक गावे, कारखाने आणि खाडीची मासेमारी यांची घडी बसली, तो प्रवाह सरकारदरबारी अद्याप केवळ यंत्रातून बाहेर पडलेले पाणी आहे. त्याला वापरणारे आहेत, पण हक्कदार नाहीत.

उन्हाळ्यात पाणी दुसऱ्याच्या मर्जीने येते आणि पावसाळ्यात कोणाच्याच मर्जीने येत नाही. २२ जुलै २०२१ च्या पहाटे वाशिष्ठी आणि शिवनदी यांचे पाणी चिपळूण शहरात शिरले, ते दुकानांची पहिली पायरी ओलांडून थांबले नाही. सखल भागांत तळमजले बुडाले, हजारो माणसे माड्यांवर आणि छपरांवर अडकली, आणि बाजारपेठेचे जे नुकसान झाले त्यातून अनेक व्यापारी वर्षानुवर्षे सावरले नाहीत. २६ जुलै २००५ चा पूर ज्यांनी पाहिला होता, त्यांनाही हा भारी वाटला. घाटमाथ्यावरील अतिवृष्टी, समुद्राची भरती आणि गाळाने उथळ झालेले पात्र ही कारणे सर्वांनी सांगितली. कोळकेवाडीतून सोडलेल्या पाण्याने पुरात भर पडली काय, हा प्रश्न लोकांनी विचारला आणि त्यावर बराच वाद माजला. निवृत्त मुख्य अभियंता दीपक मोडक यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमण्यात आला. त्या वादात येथे शिरण्याचे आम्हांस कारण नाही. आमचे म्हणणे निराळे आहे. धरणातून कोणत्या तासाला किती पाणी सुटले आणि नदीची पातळी कोणत्या तासाला किती चढली, हे आकडे ज्या रात्री घडत होते त्याच रात्री गावकऱ्यांच्या हाती असते, तर पहिला लाभ हा की माणसे वेळेवर उठून सामान हलवू शकली असती, आणि दुसरा हा की पुढे कोणी कोणावर संशय घेण्याचे प्रयोजनच उरले नसते. पुराच्या पाण्याहून अफवेचे पाणी उशिरा ओसरते.

सरकारने यातून काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०२१ च्या अखेरीस चिपळूण बचाव समितीने साखळी उपोषण केले, त्यानंतर वाशिष्ठी आणि शिवनदीतील गाळ उपसण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेण्यात आले, नाम फाउंडेशननेही त्यास हातभार लावला. काठावरच्या लोकांना पात्र मोकळे झालेले दिसले. गाळ काढणे आवश्यकच होते. पण गाळ हा रोग नव्हे, रोगाचे लक्षण आहे. उघडे पडलेले डोंगर, रस्त्यांसाठी आणि घरांसाठी केलेली तोड, आणि पात्रात टाकलेला भराव यांतून तो येतो. आज काढला तर चार पावसाळ्यांनी पुन्हा येईल. एके काळी देशावरचा माल कुंभार्ली घाटाने चिपळुणास उतरे आणि गोवळकोटच्या बंदरातून भरतीबरोबर गलबतांनी बाहेर जाई. त्या खाडीत आज गलबत का येत नाही, याचे उत्तर गाळात आहे, आणि तो गाळ काही एका वर्षात साचलेला नाही.

मोजमाप आणि देखरेख यांच्या अभावी काय घडू शकते, याचा याहून करुण दाखला याच नदीच्या उगमाकडे मिळाला. २ जुलै २०१९ च्या रात्री तिवऱ्याचे छोटे धरण फुटले आणि खालच्या भेंदवाडीतील वीसहून अधिक माणसे वाहून गेली. धरण गळते आहे, अशा तक्रारी ग्रामस्थांनी आधीच केल्या होत्या. दुर्घटनेनंतर त्या वेळच्या एका मंत्र्यांनी खेकड्यांवर ठपका ठेवला. खेकडे बिचारे लेखी खुलासा करू शकत नाहीत, एवढीच त्या विधानाची सोय. कोयनेसारखे प्रचंड धरण भूकंपमापकांनी वेढलेले, कारण ११ डिसेंबर १९६७ चा धक्का सर्वांच्या स्मरणात आहे. आणि त्याच सह्याद्रीच्या उतरणीवरील लहान धरणाकडे लक्ष देण्यास मात्र कोणी नाही. नदीचा कारभार नदी म्हणून एकत्र पाहणारे कोणी नसले म्हणजे असे होते. धरण एका खात्याचे, वीज दुसऱ्याचे, पिण्याचे पाणी नगरपालिकेचे, सांडपाणी प्रदूषण मंडळाचे, पूर महसूल खात्याचा, वाळू त्याच खात्याच्या दुसऱ्या टेबलावरची. नदी तेवढी एक.

या पार्श्वभूमीवर कोयनेचे अवजल मुंबईला नेण्याच्या योजनेचा विचार केला पाहिजे. ही कल्पना नवी नाही. निरनिराळ्या सरकारांच्या काळात ती मांडली गेली, तिच्यावर अभ्यास झाले, खर्चाचे आकडे ऐकून ती मागे पडली आणि पुन्हा वर आली. आम्ही तिचे आंधळे विरोधक नाही. मुंबईत कोकणचा माणूस थोडाथोडका नाही. लालबाग-परळच्या चाळींत तहान लागते तीही आपल्याच माणसांना. समुद्रात जाणारे पाणी माणसांच्या उपयोगी पडावे, यात वाद कसला? परंतु समुद्रात जाणारे पाणी वाया जाते, हे वाक्य इंजिनिअरांनी इतक्या वेळा म्हटले आहे की ते आता तपासून घेण्याची वेळ आली आहे. खाडीला गोडे पाणी लागते, माशांच्या विणीला लागते, खारेपणा मागे रेटण्यास लागते. यातील किती पाणी खाडीचे म्हणून राखून ठेवावे, किती खोऱ्याच्या पिण्याचे आणि शेतीचे, आणि त्यानंतर देण्याजोगे किती उरते, हा क्रम आहे. प्रथम नळ टाकावयाचा आणि मागाहून खोऱ्याला उरलेले विचारावयाचे, हा उलटा क्रम आम्हांस मान्य नाही. नळाला एकदा महानगराची तहान जोडली की ती कोणत्याही दुष्काळात तोडता येत नाही. मग तुटते ती गोवळकोटच्या जॅकवेलची धार.

यंत्रे चालविण्याच्या वेळापत्रकाला नदीच्या गरजेची वेसण घालणे अशक्य आहे, असे कोणी म्हणेल तर त्यांनी स्वित्झर्लंडकडे पाहावे. त्या देशाची निम्म्याहून अधिक वीज पाण्यापासून होते, आणि तरीही २०११ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने तेथील कायद्याने वीजगृहांवर बंधन घातले की वीजनिर्मितीमुळे नदीच्या पातळीत होणारे एकाएकी चढउतार २०३० पर्यंत सौम्य करावेत. त्यासाठी मुख्य उपाय वीजगृहाखाली संतुलन जलाशय बांधून पाणी सावकाश सोडण्याचा. आपल्याकडे तो जलाशय नव्याने बांधावयास नको. कोळकेवाडीचे धरण त्याच जातीचे आहे. कोयनेच्या मानाने ते चिमुकले असले, तरी काही तासांचे चढउतार पोटात घेण्याइतकी जागा त्यात आहे. तेथून कोणत्याही दिवशी, मागणी असो वा नसो, ठरावीक किमान पाणी नदीत सुटेल, असा नियम केला तर विजेचे नुकसान फारसे होणार नाही. पाणी त्याच चाकांतून जाणार. फक्त काही युनिटे संध्याकाळऐवजी दुपारी तयार होतील. त्या फरकाची किंमत रुपयांत काढून ती लोकांपुढे ठेवावी. ती भरण्यास राज्य तयार आहे की नाही, हे मग पाहता येईल.

आमच्या मागण्या फार नाहीत. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण २००५ च्या कायद्याने अस्तित्वात आले ते पाण्याचे हक्क ठरविण्यासाठीच. त्याने वाशिष्ठीच्या अवजलावरील खोऱ्याचा हक्क, पिण्यासाठी आणि खाडीसाठी, आकड्यांत लिहून द्यावा. लवादाच्या कोट्यातील काही हिस्सा मार्च ते मे या महिन्यांसाठी बांधून ठेवावा, म्हणजे जलवर्षाच्या अखेरीस नदी कोरडी पडण्याचा धोका टळेल. कोळकेवाडीचा विसर्ग, चिपळूणची नदीपातळी आणि दाभोळच्या भरतीची वेळ हे तीन आकडे दर तासाला, मराठीत, सर्वांना दिसतील असे प्रसिद्ध व्हावेत. पावसाळ्यात ते गावच्या भोंग्यापर्यंत पोचावेत. आणि हे सर्व होईपर्यंत खोऱ्याबाहेर पाणी नेण्याच्या कोणत्याही योजनेवर सही होऊ नये. आमदार-खासदारांनी या प्रश्नावर पक्षाचे झेंडे बाजूला ठेवावेत, अशी विनंती करण्याचा मोह होतो. पण अनुभव पाहता आम्ही एवढेच सुचवितो की निदान आकडे तरी त्यांनी एकाच कागदावरून वाचावेत.

येत्या १ जूनला कोयनेचे नवे जलवर्ष सुरू होईल आणि साडेसदुसष्ट टीएमसींचा नवा हिशेब उघडला जाईल. मागील वर्षी कोणत्या महिन्यात किती पाणी पश्चिमेस सुटले आणि मे अखेर किती शिल्लक राहिले, याचे एक पानी पत्रक त्याच दिवशी चिपळूणच्या नगरपालिकेच्या फलकावर लावण्यास पाटबंधारे खात्याला कागदाखेरीज काहीही खर्च येणार नाही.